जीवशास्त्र डोळ्यांसमोर उभे राहावे म्हणून कोणती संकेतस्थळे वापरावीत?

नववीतली आपली मुलगी व्याख्या घोकते, पण पेशी आणि आनुवंशिकता तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहत नाहीत, तेव्हा तिला इंटरनेटवरचे कोणते साहित्य द्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे शाळकरी मुलांना हा विषय शिकवला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, ज्यात विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी सरकवावे, निवडावे किंवा मोजावे लागते, ते साहित्य आधी द्यावे आणि व्हिडिओ नंतर.

सुरुवात आकारमानापासून करावी, कारण पाठ्यपुस्तकात पेशी आणि विषाणू यांची चित्रे एकाच मापाची छापलेली असतात आणि पुढचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. युटा विद्यापीठाच्या ‘लर्न जेनेटिक्स’ या संकेतस्थळावर एक सरकपट्टी आहे. ती ओढत गेले की कॉफीच्या बीपासून निघून सुमारे 130 मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मानवी अंडपेशी, सुमारे 8 मायक्रोमीटरची तांबडी रक्तपेशी, जिवाणू आणि विषाणू असे टप्पे ओलांडत आपण थेट कार्बनच्या अणूपर्यंत पोहोचतो.

त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प पाहावा. त्यातली काही सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः बदल करून पाहता येणारे प्रयोग, मराठीतही आहेत. नैसर्गिक निवडीच्या सिम्युलेशनमध्ये सुरुवातीला एकच पांढरा ससा असतो. त्याला जोडीदार दिला आणि कोणतेही संकट ठेवले नाही, तर थोड्याच पिढ्यांत सशांनी सगळी जागा व्यापून टाकलेली दिसते. मग तपकिरी रंगाचे उत्परिवर्तन (जनुकातला बदल) घालावे, लांडगे सोडावेत आणि हेच एकदा बर्फाळ प्रदेशात, एकदा उष्ण प्रदेशात करून पाहावे. कोणता रंग टिकेल याचा अंदाज मुलीकडून आधी कागदावर लिहून घ्यावा; अंदाज चुकला, तर प्रभावी आणि अप्रभावी (जोडीतले कोणते जनुक दिसून येते आणि कोणते झाकले जाते) या शब्दांचा अर्थ तिला व्याख्येपेक्षा अधिक चांगला कळेल. याच विषयावर ‘एचएचएमआय बायोइंटरॅक्टिव्ह’ या संकेतस्थळावर खऱ्या उंदरांचे उदाहरण आहे: फिकट वाळूवर राहणारे उंदीर फिकट आणि काळ्या लाव्हा खडकांवरचे गडद. सशांचा खेळ झाल्यावरच ते दाखवावे.

सलग अभ्यासासाठी ‘खान अकॅडमी’ पुरेशी आहे, आणि कठीण प्रकरणांसाठी ‘अमीबा सिस्टर्स’ची व्यंगचित्रात्मक इंग्रजी चित्रफीत. प्रथिनांची रचना समजून घ्यायची असेल, तर ‘पीडीबी-101’ हे संकेतस्थळ पाहावे. तिथे डीएनएची कागदी प्रतिकृती बनवण्याचा नमुनाही मिळतो. मात्र ॲनिमेशनबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती जवळपास सगळ्याच ॲनिमेशनांना लागू पडते. त्यांत रेणू जणू पत्ता विचारून नेमक्या जागी जातात, प्रत्यक्षात मात्र ते गर्दीत सैरावैरा धडकत असतात आणि त्यांतल्या काहीच धडका कामी येतात. हे मुलीला अवश्य सांगावे.

शेवटचा पर्याय घराबाहेरचा आहे. ‘आयनॅचरलिस्ट’वर वनस्पती किंवा कीटकाचे छायाचित्र टाकले की इतर लोक ओळख सुचवतात. लहान मुलांसाठी मात्र त्यांचेच ‘सीक’ हे ॲप बरे, कारण त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. आयनॅचरलिस्टच वापरायचे ठरवलेत, तर घराजवळच्या नोंदींचे नेमके ठिकाण सर्वांना दिसणार नाही असा पर्याय आपण स्वतः निवडून द्यावा.