दादांचं कर्ज, तिघांचा सातबारा

ताई, तुमचा प्रश्न असा: वडिलांमागे सातबाऱ्यावर तुम्हा तिघा भावंडांची नावं लागली. दादांनी जिल्हा बँकेचं कर्ज काढलं, ते थकून व्याजासह 5,40,000 झालं आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्या कर्जाचा बोजा बसला. आता 48 लाखांना गिऱ्हाईक आलंय, पण बोजा उतरल्याशिवाय ते पुढे येत नाही. तुमची 6 लाखांची ठेव मोडून कर्ज फेडावं का?

नका मोडू.

आधी बोज्याचा फेरफार (म्हणजे तो सातबाऱ्यावर चढवल्याची नोंद) आणि कर्जाचे कागद काढून सह्या कोणाच्या आहेत ते बघा. एकट्या दादांची सही असेल तर बोजा मुळात त्यांच्या हिश्श्यापुरता. कर्ज वडिलांनी काढलेलं असतं तर गोष्ट वेगळी. (जामीनदार म्हणून तुमचीही सही घेतलेली नाही ना? माहेरी गेल्यावर ‘जरा इथं सही कर’ म्हणून केलेल्या सह्या मी बऱ्याच पाहिल्यात.) तरी गिऱ्हाईक अडून बसलंय ते काही चूक नाही. वाटप झालेलं नाही, त्यामुळे कुठला तुकडा मोकळा हे त्याला कोण सांगणार?

म्हणून कर्जाचे पैसे व्यवहारातूनच येऊ द्या. बँकेकडून ठरल्या तारखेपर्यंतचा आकडा लेखी घ्या, व्याज रोज चढतंय. तेवढाच इसार ठरवून साठेखताची (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या कराराची) नोंदणी करा. इसार गिऱ्हाइकानं थेट कर्जखात्यात भरायचा आणि तो दादांच्या हिश्श्यातून वळता करायचा. आजच्या आकड्यानं तुम्हा दोघांना 16-16 लाख, दादांना 10,60,000. व्यवहार फिसकटला तर इसार कोणी परत करायचा, तेही त्यातच लिहा. तो भार दादांवरच हवा.

पुढे बँकेचा ना-देय दाखला घेऊन ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर किंवा तलाठ्याकडे बोजा कमी करायचा अर्ज. हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. खरेदीखताची तारीख दीडेक महिना पुढचीच धरा.

गिऱ्हाईक इसारातून भरायला तयार नसेल आणि तुम्हालाच भरावे लागले, तर पैसे दादांच्या हातात न देता कर्जखात्यात भरा, आणि त्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्या. करार कायद्याच्या कलम 69 प्रमाणे असे पैसे मागता येतात, पण त्यासाठी सख्ख्या भावावर दावा लावायला तुम्ही कोर्टाची पायरी चढणार आहात का? दादा लिहून द्यायलाच कां-कूं करत असतील, तर ठेवीला हातही लावू नका.