पायपेराझिन दोनदा पाजलं, तरी जंत का पडत राहतात?

ताई, बारा गावरान कोंबड्या, अंडी निम्म्यावर आली, तुरे फिके, आणि शिटेला तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे चपटे तुकडे चिकटलेले. या शेवटच्या खुणेतच तुमचं उत्तर आहे. ते पट्टकृमीचे तुकडे. पायपेराझिन चालतं ते शेवयांसारख्या लांब गोलकृमींवर, तेही पूर्ण वाढलेल्या. पट्टकृमीला त्याने काही होत नाही, म्हणून तिसऱ्यांदा पाजू नका.

एक ताजी शीट डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. पट्टकृमीच ठरले तर डॉक्टर बहुधा प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोल सांगतील. घोळ होतो तो मापात. अल्बेंडाझोलच्या बाटलीवर 2.5 टक्के लिहिलंय की 10 टक्के, ते आधी वाचा. 2.5 टक्के म्हणजे 1 मिलीत 25 मिलिग्रॅम. गोलकृमीसाठी किलोमागे 10 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला 0.6 मिली. पट्टकृमीसाठी साधारण दुप्पट लागतं. 10 टक्केवाल्या बाटलीतून तेच माप घेतलंत तर चौपट औषध पोटात जाईल. मी स्वतः सुरुवातीला "झाकणभर" मापाने द्यायचो, आता आठवलं तरी लाज वाटते. कोंबडी वजनकाट्यावर ठेवा, सुई काढलेली 1 मिलीची सिरिंज घ्या.

अल्बेंडाझोल पाण्यात टाकू नका, तळाशी बसतं. चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, घाई केली तर औषध तिकडे जातं. पिसं झडत असतील तर तसं डॉक्टरांना आधी सांगा, त्या काळात हे औषध दिलं तर नवी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा. आमच्या घरी आम्ही दोन आठवडे खात नाही, आणि शेजारी वाटतही नाही.

औषधाने आतले जंत गेले तरी मुंग्या, माशा, शेणकिडे, गोगलगायी टिपताना कोंबडीला पट्टकृमी पुन्हा लागतात. खुराड्याला लागून उकिरडा असेल तर तो लांब हलवा. खालचं ओलं तूस पावसाळ्यात आठवड्याला बदला, कारण गोलकृमीची अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकतात. पिल्लांना रक्ताळलेली हगवण लागली तर मात्र तो जंतांचा प्रकार नव्हे, त्याचं औषध वेगळं.

फिक्या तुऱ्याबद्दल अजून एक शंका आहे. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन खुराड्यात जा, बसायच्या दांड्याच्या खालून पांढरा कागद फिरवा. लाल ठिपके उमटले तर रक्त पिणारे बारीक किडे आहेत. दिवसा ते लाकडाच्या फटीत असतात, कोंबडीच्या अंगावर शोधून सापडत नाहीत. तसं असेल तर कोंबड्या बाहेर काढून फटी फवाराव्या लागतील, आणि सात दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी किड्यांची अंडी वाचतात. फवारा कुठला आणि किती पातळ, हेही त्याच फेरीत डॉक्टरांना विचारून घ्या.