कॉलेजच्या मल्लांवर भयकादंबरी लिहायची तर पात्रांत दोष कसे आणावेत?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाच्या कुस्ती संघातले पाच मल्ल घेऊन भयकादंबरी लिहिताय आणि पाचही पोरं फार सरळ वाटतायत, तर दोष कुठून आणू. दारू, पोरींचा नाद आणि लहानपणी गेलेला बाप हे तिन्ही आधी खोडून टाका. पहिले दोन वस्तादांच्या कानावर गेले तर पोराची वळकटी तालमीबाहेर पडते. तिसरा दोष नव्हेच, ते दुःख आहे.

मल्लाला असा दोष द्या ज्याबद्दल तालमीत त्याची पाठ थोपटली जाते. वजन उतरवण्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही.

एकच पोरगा घ्या. एरवी 71 किलोचा, उतरायचंय 65 किलोच्या वजनगटात, हातात दहा दिवस. पहिल्या आठवड्यात भाकरी अर्धी, मीठ बंद, थंडाई बंद, की तीनेक किलो जातात. बाकीचं सगळं पाणी. शेवटचा दीड दिवस घोटही नाही, अंगाला प्लॅस्टिक, वर दोन ट्रॅकसूट, दोरीवरच्या उड्या, आणि तोंडात चिंच धरून डब्यात थुंकत बसायचं. झोपेत अर्धा-पाऊण किलो आपसूक उतरतं, ते सगळेच हिशेबात धरतात. म्हणून वजनाच्या आदल्या रात्री अकराला काट्यावर 65.5 दिसलं तर पोरगा घोरतो, 66.4 दिसलं तर रात्रभर पळतो.

आता त्याच्या अंगाकडे बघा. लघवी कोऱ्या चहासारखी, जीभ टाळूला चिकटलेली, पोटऱ्यांत गोळे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, जरा कुणी बोललं की अंगावर धावून जाणं. गावाकडं झपाटलेल्या माणसाचीही लक्षणं अशीच सांगतात. त्यामुळे खरंच काही झालं तरी खोलीतल्या कुणालाच वेगळं दिसत नाही. ही माणसं पळून का जात नाहीत, कुणाला सांगत का नाहीत, हा प्रश्न भयकथेचा वाचक हमखास विचारतो. इथे त्याचं उत्तर आयतं मिळतं.

प्रसंग असा बांधा. वसतिगृहाची खोली, दोघे जण, एक काटा. आपला पोरगा अकराला 66.4 वर. पळायला अंगात बळ नाही, नुसता बसून आहे. एकला 65.7. तीनला 65.1. पाचला 64.8. घामाचा थेंब नाही, आणि गडी खूश. शेजारच्या खाटेवरचा मित्र 61 किलो गटातला. तो अकराला 61.3 वर होता, बिनघोर. एकला 62, तीनला 62.6, पाचला 62.9. तो बिचारा प्लॅस्टिक चढवून खोलीतच जागच्या जागी पळतोय, पण त्याचा घामसुद्धा त्या खोलीबाहेर जात नाही. दोघांची बेरीज दर वेळी 127.7. ही बेरीज कादंबरीत कुणालाही करू देऊ नका, वाचकाला करू द्या. आपल्या पोराला आकडे दिसतात, कळतं, आणि तो गप्प बसतो. दोष तो हा. आधीचं सगळं नुसती तयारी.

पुढे नियमच तुमच्या मदतीला येतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही सकाळी वजन होतं. म्हणजे गप्प बसायला आणखी एक रात्र. 100 ग्रॅमनं काय होतं हे समजावत बसू नका, ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं झालं ते देशानं पाहिलंय.

एका संपादकांशी माझं यावरच फाटलं. त्यांना मल्ल ‘सहानुभूती वाटेल असा’ हवा होता, म्हणून आजारी आई आणि डोक्यावर कर्ज. आई आजारी केली की गप्प बसायला सबब मिळते, मग त्याचा दोष तो काय राहिला? सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण एका वाक्यात येऊ द्या, बास. पोराला 65 ची जागा हवी आहे, मित्राच्या जिवापेक्षा जास्त हवी आहे, एवढं पुरतं. त्यांचं दुसरं म्हणणं, वजनापायी कोण मरतं? 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिनाभरात अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल वजन उतरवताना मेले. अंगात रबरी सूट, पाणी तोडलेलं, गरम खोलीत व्यायाम. त्यानंतर तिथे कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना बंद झाले आणि वजन कुस्तीच्या अगदी तोंडावर आणलं गेलं. यात भूत कुठेच नव्हतं. (आणि म्हणूनच वरचे आकडे कागदावरच राहू देत, कुणी करून बघू नये.)

उरलेल्या चौघांचं मी काहीच सांगितलं नाही. दोघांना एकेक दोष पुरे, दोघांना साधंच ठेवा. पाचही जण किडके निघाले तर कोण मेलं याचं कुणाला काही वाटत नाही. त्यात कुणी 125 किलो गटातला असेल तर त्याला सहसा वजन उतरवायचंच नसतं, त्याला दुखापत लपवू द्या. खो-खो किंवा क्रिकेटचा संघ केलात तर तिथेही लपवलेली दुखापतच चालेल.

काटा मात्र डिजिटल घ्या. तालमीतला जुना काटा अर्धा किलो इकडचं तिकडं दाखवतो, आणि वाचक भूत सोडून काट्यावरच संशय घेत बसेल.