मामा तलावाचा गाळ काढला, मग मासे गेले कुठं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुका. आमच्या गावच्या मामा तलावाचा गाळ दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून काढला, पाणी आता उन्हाळ्यापर्यंत टिकते, धानवाले खुश आहेत. पण आमची ढिवरांची, म्हणजे मासेमारांची संस्था, आमच्या जाळ्यात मरळ, शिंगी येणं जवळपास बंदच झालं, कमळपण गेलं. गाळ काढला म्हणजे तलाव सुधारला ना? मग नुकसान आमचंच का?

उत्तर : भाऊ, आधी बाकीच्या वाचकांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले, नाहीतर पुण्या-मुंबईवाल्यांना वाटतं कुणाच्या तरी मामाचा तलाव! गोंड राजांच्या काळापासून कोहळी या शेतकरी समाजानं बांधत आणलेले हे तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून साडेसहा हजारांच्या वर आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळ-पाट, म्हणजे बांध आणि कालवे, घरचे समजून बघणारं कुणी उरलं नाही.

आता तुमचं. तलाव धानाला पाणी देतो, ढोरांना देतो, खालच्या विहिरींना ओल देतो, आणि मासा, शिंगाडा, कमळाचे कांदेही देतो, पण हे सगळं एकाच जागेतून येत नाही ना. पाणी साठतं पाळीकडच्या खोलात. मासा वाढतो काठच्या उथळ पाण्यात, जिथं ऊन तळापर्यंत पोचतं आणि पाण्याखाली गवत उगवतं. मरळ त्या गवतातच जागा साफ करून अंडी घालते, नंतर पिल्लांची राखण करते, तो लालसर पिल्लांचा घोळका वर श्वास घ्यायला येतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. जेसीबीनं काठ उभा कापला की ही जागाच गेली, आणि गवताचं बी, कमळाचे कांदे त्याच गाळात होते, ते ट्रॉलीत बसून शेतात गेले. शेताला चांगली माती मिळाली हे खरं, मी नाही म्हणत नाही, पण ट्रॉल्या सगळे मोजतात, गवत कोण मोजतंय?

दुसरं, संस्थेनं तलावात सोडलंय काय ते बघा. रोहू, कटला, मृगळ साध्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत, दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणा, मरळ-शिंगीचं तसं नाही, जागा असली की त्या आपोआप वाढतात. त्यात सायप्रिनस आणि ग्रासकार्प हे बाहेरचे मासे सोडले असतील तर झालंच, एक तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि दुसरा उरलंसुरलं गवत खाऊन टाकतो. ग्रासकार्प तरी बंद कराच.

उपाय लांब शोधायला नको, तुमच्याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढिवर बायांनी हे काम केलंय. बेशरम नावाचं काठावर माजणारं झुडूप मुळासकट उपटलं, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाला नांगर फिरवला, आणि पाणी भरल्यावर हायड्रिलासारख्या वनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून गुडघाभर पाण्यात उभं राहून चिखलात खोचल्या, अगदी धानाची रोवणी करतात तशा, त्यामुळे त्या कामाला वेगळं ट्रेनिंग कशाला लागतंय. फक्त घाई करू नका, पाणी एका पावसात भरतं, गवत आणि मासा परत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि पुढच्या वेळी गाळाचा विषय ग्रामसभेत आला की संस्थेची माणसं, बायासुद्धा, जाऊन बसा आणि येव्याकडचा, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूचा, उथळ भाग सोडायला लावा, गाळ खोलातला काढू दे, पाळीच्या पायथ्याला धक्का न लावता.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सोसायटीशेजारी छोटं तळं आहे. कडेनं दगडी भिंत आणि जॉगिंग ट्रॅक करायचा विचार चाललाय, चालेल ना?

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत ना? भिंत म्हणजे तोच उभा काठ, फक्त दगडाचा. बेडूक, पाणकोंबड्या, पावसाचं पाणी गाळून आत सोडणारं गवत, सगळ्यांना उतरता मातीचा काठ लागतो. ट्रॅक करा, पण दहा-पंधरा पावलं मागे. आणि बदकांना ब्रेड टाकू नका, ते तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगते.