जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांचे अलाइनमेंट घरी करता येते का?

होय, पण मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहिल्यास दोन्ही चाके पुढच्या बाजूस एकमेकांकडे किती झुकली आहेत, एवढेच. कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यास चाक वळवणाऱ्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांचे अचूक मोजमाप साध्या टेपने होत नाही.

आधी टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) याची टोके म्हणजे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोलाकार सांधा) व चाकाचे बेअरिंग यांत ढिलेपणा नाही ना, हे अवश्य तपासावे, कारण झिजलेल्या सांध्यांवर केलेली जुळणी टिकत नाही. दोन्ही टायरांत हवा सारखी भरावी, गाडी सपाट जमिनीवर काही मीटर पुढे ढकलून स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि चाकांच्या मागच्या बाजूला, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर, दोन्ही टायरांवर खडूची खूण करून त्यांतील अंतर मोजावे. मग चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी गाडी पुढे नेऊन, त्याच खुणा पुढे आल्यावर, पुन्हा मोजावे. खुणा त्याच राहिल्याने टायरच्या वेडेवाकडेपणाची चूक मापात शिरत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे. पुढचे अंतर कमी भरले तर तो टो-इन. किती मिलिमीटर हवा, हे गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावे.

लॉकनट (टाय रॉड जागी घट्ट धरणारा नट) सैल करून दोन्ही टाय रॉड सारखेच, एका वेळी पाव फेरा, फिरवावेत, अन्यथा स्टिअरिंग तिरके बसते. रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर त्याची लांबी वाढवल्याने टो-इन वाढतो, पुढे असेल तर कमी होतो. गाडी पुन्हा पुढे ढकलून मोजावे आणि लॉकनट घट्ट आवळल्याशिवाय ती रस्त्यावर नेऊ नये.