मुलीला एचआर करायचंय की तुम्हाला माणसं मिळत नाहीयेत?

नमस्कार साहेब, पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं छोट्या गावात वर्कशॉप आहे, पंधराएक माणसं कामाला, त्यातली निम्मी दर वर्षी सोडून जातात. गावातली पोरं टिकत नाहीत आणि बाहेरून आणलेले दोन सुपरवायझर काही महिन्यांत परत गेले. मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के पडलेत, तिला बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करायचंय, पण तुमच्या मते तिने बीबीए आणि मग एचआरमध्ये एमबीए करून घरी यावं आणि माणसं भरायचं काम कायमचं अंगावर घ्यावं. प्रश्न एवढाच विचारलाय की कुठलं कॉलेज चांगलं आणि फॉर्म कधी निघतात.

मार्कांचं मला काहीच वाटलं नाही, ७१ ठीक आहेत. मला खटकलं ते पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य, "तिला पगाराची काय गरज, शेवटी सगळं तिचंच आहे." अहो, ज्या माणसाला पगार नाही, कामाची वेळ ठरलेली नाही, आणि जो राजीनामाही देऊ शकत नाही असा माणूस तुम्ही शोधताय आणि तो बाहेर मिळत नाही म्हणून घरात बघताय. हे करिअर मार्गदर्शन नाही, ही भरती आहे, आणि उमेदवाराला विचारलेलंही नाही. पूर्ण पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीत आलंय, तेही "स्टॅटिस्टिक्सचं खूळ डोक्यात घेतलंय" असं. एवढ्या मोठ्या पत्रात वर्कशॉपच्या मशीनना तिच्यापेक्षा जास्त जागा मिळालीये हो.

आणि समजा केलं तिने एमबीए. आली परत. माणसं तेव्हाही टिकणार नाहीत, कारण जी कारणं आहेत ती डिग्रीने जात नाहीत. मग त्याचा दोष कोणावर येणार? तिच्यावरच. "एवढं शिकवलं तरी दोन माणसं टिकवता येत नाहीत" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

आता तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज. तुम्ही लिहिलंय की "आम्ही फक्त ओळखीतलाच माणूस घेतो, ओळखीचा म्हणजे भरवशाचा." भरवशाचं मान्य, पण तुमची जवळची माणसं ज्यांना ओळखतात त्यांना तुम्हीही ओळखताच ना, म्हणजे दर वेळी त्याच चार घरांतून पोरगा उचलला जातो आणि मग तुम्ही म्हणता गावात माणूसच नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ च्या त्याच्या लेखात आकडे आहेत, वरचेवर भेटणाऱ्याकडून कळलेले जेमतेम १६.७ टक्के, बाकी सगळ्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, कारण त्या माणसाची ऊठबस वेगळ्या लोकांत असते. म्हणून तुमची जागा रिकामी आहे हे शाळेतल्या शिक्षकांना, आयटीआयच्या सरांना, माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरला, शहरातून परत आलेल्या जोडप्याला, मुलं शाळेत जायला लागली म्हणून आता चार-पाच तास मोकळ्या असणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. भाच्याला कळून उपयोग नाही, त्याला काढायची वेळ आली तर अख्खं घर अबोला धरतं आणि तुम्ही त्याला काढत नाही, हेही तुमच्याच पत्रात आहे.

बरं, जाहिरात दिलीत तेव्हा काय लिहिलंत, "किमान तीन वर्षांचा अनुभव, पगार योग्यतेनुसार." लहान गावात तीन वर्षांचा अनुभव घ्यायचा कुठे, ते काम करणारं दुसरं वर्कशॉप तरी आहे का जवळपास? आणि अनुभवाच्या वर्षांवरून माणूस ओळखता येतो हेही फारसं खरं नाही. श्मिट आणि हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं, त्यात उमेदवाराकडून प्रत्यक्ष थोडं काम करून घेणं आणि तो पुढे कसं काम करेल यांचा संबंध ०.५४ निघाला आणि अनुभवाच्या वर्षांचा फक्त ०.१८ (१ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे काहीच संबंध नाही). २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच हिशेब नव्याने तपासले, बरेच आकडे खाली आले, अनुभव तर ०.०७ वर आला, आणि सगळ्यात वर राहिली ती आधीच ठरवलेले तेच प्रश्न सगळ्यांना विचारून घेतलेली मुलाखत, ०.४२. हे काढायला लागतं स्टॅटिस्टिक्स. तेच, ज्याला तुम्ही खूळ म्हणता.

बाहेरचे सुपरवायझर का गेले याचं उत्तर मला तुमच्याच पत्रात दिसतंय, एकाच्या बायकोला इथे नोकरी मिळत नव्हती आणि दुसऱ्याला राहायला धड जागा नव्हती. पगार वाढवून असा माणूस फार तर वर्षभर थांबेल. त्यापेक्षा हातातला चांगला पोरगा निवडा आणि त्याला दोन वर्षांत सुपरवायझर करा, आणि हे त्याला आजच सांगा, कारण पुढे काय आहे हे माहीत नसलं की चांगला पोरगा आधी जातो. पगाराचा आकडा जाहिरातीत लिहा. लपवून काय होतं, लहान गावात कोणाला किती मिळतं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतंच. उमेदवाराकडून अर्धा दिवस काम करून घेऊन बघा, त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. पहिला महिना त्याला कोण शिकवणार त्याचं नाव आधी ठरवा, तुमच्याकडे "बघून बघून शिकतो" चालतं असं दिसतंय. आणि हो, शिफ्ट शेवटच्या बसनंतर सुटते का ते एकदा बघा. कामाला कंटाळून गेली असं आपण म्हणतो, खरं तर बरीच माणसं रोज घरी कसं पोचायचं याला कंटाळलेली असतात. सोडून गेलेल्या दोघातिघांना फोन करून विचारा, आता त्यांना खोटं बोलायचं कारण नाही.

यातल्या कुठल्याच गोष्टीला एमबीए लागत नाही. तुम्हाला स्वतःला एक महिना नीट लक्ष घालावं लागेल, एवढंच.

मुलीबद्दल. बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला जाऊ द्या. त्यानंतर एमएस्सी, डेटा, विमा, बँका, सरकारी सांख्यिकी सेवेची परीक्षा, रस्ते आहेत. एमबीएला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा तिला स्वतःला वाटलं तर कॅट किंवा सीईटी देईल. पण "आधी स्टॅटिस्टिक्स कर, मग एचआर करून ये" अशी अट घालून परवानगी देऊ नका, तो तोच दबाव तीन वर्षं पुढे ढकलणं झालं. आणि तिला सुट्टीत वर्कशॉपमध्ये बसवायचंच असेल तर कोणाही बाहेरच्या माणसाला जो पगार दिला असता तो द्या, काम लिहून द्या. नाही म्हणाली तर नाही.

फॉर्मच्या तारखा मी मुद्दाम देत नाहीये. त्या हव्या असतील तर पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या ईमेलवरून, आणि पाठवायच्या आधी तुम्ही वाचू नका. तुम्ही तोवर जाहिरात पुन्हा लिहून मला पाठवा, ती मी तपासून देतो.