तिशीत मॅन्युअल गाडी नीट शिकता येते का? आणि गाड्यांचा नाद लागतो तो कसा?

तुम्ही लिहिलंय की क्लास संपला, लायसन्स हातात आलं, तरी सिग्नल सुटला की गाडी बंद पडते, मागचे हॉर्न मारतात आणि हातपाय गळतात. घरचे म्हणतात ऑटोमॅटिक घे. पण गाड्या मनापासून आवडतात, म्हणून तुम्हाला मॅन्युअलच यायला हवी आहे. शिकाच. मी सव्वीसाव्या वर्षी शिकले आणि माझं अगदी हेच झालं होतं.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. आपण चुकायच्या आत ते सावरून घेतात. त्यामुळे वीस दिवस गाडी चालवूनही आपल्या डाव्या पायाला क्लच कळलेलाच नसतो.

मला तो मामांनी शिकवला. मामा सातारा डेपोला एसटीवर ड्रायव्हर होते, त्याआधी तरुणपणी मुंबईत फियाटची टॅक्सी चालवायचे. त्यांच्याकडे जुनी मारुती ८०० होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला रिकाम्या मैदानावर नेलं, चपला काढायला लावल्या आणि म्हणाले, "उजवा पाय बाजूला ठेव. आज रेस द्यायचीच न्हाई."

गाडी चालू, पहिला गिअर, आणि क्लच सोडायचा तो मुंगीच्या चालीने. बराच वेळ काही होत नाही. मग एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. "थांब तितंच. आगं कान दे की, गाडी सांगतीया." पाय तिथेच धरला आणि रेस न देता गाडी आपोआप सरकायला लागली. मामांनी लगेच थांबवायला लावलं. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा पहिला. अंधार पडेपर्यंत आम्ही तेवढं एकच केलं.

हे कशाने होतं ते कळलं की भीती निम्मी जाते. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. मधली क्लच प्लेट दोघांना घासत घासत एका वेगावर आणते, आणि त्याला जरा वेळ लागतो. तो वेळ आपला पाय देतो. पाय झटक्यात उचलला की थांबलेल्या गाडीचा सगळा भार एकदम इंजिनवर येतो आणि ते बंद पडतं. तुमचा सिग्नलला बहुतेक हाच घोळ होतोय. हॉर्नने घाई होते, पाय सुटतो. बंद पडली तर हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, चावी मारा आणि मागच्यांना वाजवू द्या. पण पकड, म्हणजे गाडी सरकायला लागते ती क्लचची जागा, सापडली म्हणून अर्ध्या क्लचवर रेंगाळूही नका, प्लेट जळते. तो करपट वास एकदा आला की विसरत नाही. आणि ही पकडीची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, म्हणून दुसऱ्याची गाडी हातात आली की मी अजूनही आधी तीच शोधते.

चौथ्या दिवशी मामा मला यवतेश्वरच्या घाटात घेऊन गेले. सातारा सोडून कासकडे जाताना लगेच चढ लागतो तो. पहाटे रस्ता मोकळा असतो. चढावर गाडी थांबवायला लावली आणि स्वतः उतरून मागच्या चाकाला दगड लावला. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच पकडीपर्यंत आणायचा, बॉनेट उचललं की थोडी रेस, आणि मग हँडब्रेक सोडायचा. दोनदा गाडी दगडाला टेकली. तिसऱ्यांदा दगड जागेवरच राहिला आणि गाडी वर गेली. आरशात मामा दिसत होते, दगड उचलून रस्त्याच्या कडेला ठेवत होते.

उतारासाठी त्यांचा एकच नियम: ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा. पेट्रोल वाचेल म्हणून लोक न्यूट्रल करतात, ते करू नका. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरात असताना रेस सोडली की इंजिनला जाणारं इंधनच तोडलं जातं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय गिअर गाडीला धरून ठेवतो, ब्रेक तापत नाहीत. आणि अरुंद घाटात समोरून गाडी चढत असेल तर तिला आधी वाट द्या. नियमही तोच आहे.

आता नादाबद्दल. माझा नाद मामांच्या बोलण्यातून आला. जुन्या एसटीला खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच मारायला लागायचा: दाबून न्यूट्रल, सोडून रेस, परत दाबून गिअर. नाहीतर गिअर करकरायचा आणि सगळी बस मान वर करून बघायची. खंडेनवमीला डेपोत गाड्या धुऊन झेंडूच्या माळा चढायच्या, तेव्हा ते लहानपणी मला स्टिअरिंगसमोर बसवायचे. ज्याला ते फियाट म्हणायचे ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्याची बातमी आली. मामांनी पेपर खाली ठेवला आणि डाव्या हाताने हवेतच एकेक गिअर टाकून बघितला. हात काही विसरला नव्हता.

तुम्हाला असे मामा नसतील तर ओळखीच्या गॅरेजवर एखादा रविवार सकाळचा वेळ काढा. मिस्त्रीला तुमच्याच गाडीचं बॉनेट उघडून दाखवायला सांगा, काडीने ऑइल बघायला शिका, क्लच प्लेट बदलायला आलेली गाडी असेल तर झिजलेली प्लेट हातात घ्या. ज्या वस्तूवर आपला पाय रोज असतो ती पाहिली की गाडीशी वेगळंच नातं जुळतं. मुंबईत जुन्या गाड्यांच्या रॅली निघतात, तिथे जाऊन मालकांशी बोला. ते भरभरून सांगतात.

ती ८०० आता माझ्याकडे आहे, पुन्हा पासिंग करून घेतलीय. गेल्या दिवाळीत मामांना पुण्याहून साताऱ्याला घेऊन निघाले. खंबाटकीचा चढ लागला, मी तिसऱ्यावरून दुसरा टाकला आणि काहीतरी बोलतील म्हणून डावीकडे बघितलं. मामा झोपले होते.